लक्ष्मीची पावलं आणि तीन पिस्टनचा पंप

आमच्या ह्यांचा पाय मोडला नसता, तर आमच्या जवळच्या वाशी गावातलं ते गाड्या धुवायचं जुनं मशीन बघायला मी आणि आत्याबाई गेलोच नसतो. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात सासूला तसंच म्हणायची पद्धत आहे.

येरमाळ्याच्या अलीकडं हायवेला लागून आमची थोडी जागा आहे, मागं घर आहे आणि बोअरला पाणी बरं आहे. तिथं गाड्या धुवायचं सेंटर काढायचं ह्यांच्या डोक्यात दोन वर्षं घोळत होतं. शेवटी एकदाचं मनावर घेतलं आणि सगळ्यात आधी पाटी रंगवून आणली. मशीन नाही, टाकी नाही, रॅम्प नाही, पण पाटी झाली. ती लावायला स्वतःच शिडीवर चढले, आणि उतरताना पायऱ्या संपल्या असं समजून पाय टाकला. अजून दोन बाकी होत्या. पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. पाटी मात्र अगदी सरळ लागली होती.

पाटी बघून ट्रकवाले थांबायला लागले. गाडी कडेला घ्यायचे, हॉर्न वाजवायचे आणि कुणी येईना म्हणून दोन शब्द बोलून निघून जायचे. हे खाटेवर पडून ते ऐकायचे. अशात वाशीहून फोन आला. तिथल्या एका गृहस्थाचं वॉशिंग सेंटर बंद पडलं होतं आणि त्यांचं मशीन विकायचं होतं. ह्यांचं त्यांच्याशी आधी बोलणं झालेलं. भूमचं गिऱ्हाईक येणार आहे, दोन दिवसांत काय ते सांगा, असं ते म्हणाले.

"दीड महिना थांबा म्हणावं," हे म्हणाले. "मी उठल्यावर बघतो. मशीन बघायचं काम सोपं न्हाय. मी त्याचे सगळे व्हिडिओ बघितल्यात."

"दीड महिना ट्रक काय तोंडानं धुवायचे?" आत्याबाई म्हणाल्या. "सून जाईल. मी जाते तिच्यासंगं."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी गिरणीत दळण टाकायला निघाले आहे. त्यात त्यांचा दोष नव्हता. लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली, पण माहेरी मी काय करत होते हे या घरात कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. माझे वडील बेंबळीत जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरायचे आणि पंप दुरुस्त करायचे. शाळेतून आल्यावर मी त्यांच्याशेजारी पोत्यावर बसायची. दहावीपर्यंत मला सोळाचा पाना आणि सतराचा पाना डोळे मिटून हाताला कळायचा. वडील म्हणायचे, पंप सगळं सांगतो, फक्त विकणारा बोलायला लागला की त्याचं ऐकू येत नाही.

सकाळी निघताना बघते तर आत्याबाईंनी पिकअपच्या मागं स्वयंपाकाचं मोठं पितळी भगुनं चढवलेलं. भावकीत कुणाच्या घरी कार्य असलं की हे भगुनं जायचं आणि काजळीचा नवा थर घेऊन परत यायचं. बाहेरून त्याचं बूड म्हैस बरी इतकं काळं होतं.

"आत्याबाई, हे कशाला?"

"मशीन बघायचं ना? मग त्याला काहीतरी धुवायला नको?"

"आपली गाडी हाय की धुवायला."

"गाडीचा चिखल तांब्यानं पाणी मारलं तरी जातो," त्या म्हणाल्या आणि पुढं येऊन बसल्या. "हे जे धुईल ते मशीन."

पिकअप मीच चालवली. तेरखेडा यायच्या आत ह्यांचे दोन फोन आले. पहिल्यात गेज बघायला सांगितलं, दुसऱ्यात गेज म्हणजे पाण्याचा दाब दाखवणारा काटा हे सांगितलं. तिसरा फोन आत्याबाईंनी उचलला, "ऐकू येत न्हाय रं," म्हणाल्या आणि फोन पदराच्या गाठीत बांधून ठेवला. त्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

वाशीत त्या गृहस्थांचं घर आणि बंद पडलेलं सेंटर एकाच आवारात होतं. पंचावन्न-साठीचा माणूस, पांढरा शुभ्र शर्ट, बोटात मोत्याची अंगठी, तोंडात वेलदोडा. आम्ही उतरलो तरी ते आमच्या मागं, गाडीकडंच बघत राहिले.

"मालक न्हाय आले?"

"ही काय मालक," आत्याबाई माझ्याकडं बोट करून म्हणाल्या.

"या, या," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. दोन बायका आल्या म्हटल्यावर काम झालंच, असं त्यांच्या मनात आलं असणार. तसं त्यांनी नंतर सांगितलंही.

पत्र्याच्या शेडमध्ये मशीन धुतलेल्या चादरीखाली झाकून ठेवलं होतं. त्यांनी चादर अशी काढली जशी नवरीच्या तोंडापुढून अंतरपाट काढतात. लोखंडी सांगाडा, त्यावर मोटार, पट्टा आणि पंप. पंपाला झगझगीत लाल रंग. इतका ताजा की नटांच्या खाचांतसुद्धा गेलेला. पंप गळत असला की त्याच्या अंगावर ओघळाचे डाग पडतात, आणि रंगाएवढं डाग झाकणारं दुसरं काही नाही.

"वर्षभर बी वापरलं न्हाय, ताई. पोरगा पुण्याला नोकरीला गेला, मग कोण बघणार? आता चालू करूनच दाखवतो." त्यांचा हात बटनाकडं गेला.

"थांबा की काका," मी म्हणाले आणि पंपावर तळहात ठेवला.

मार्गशीर्षातली सकाळ. दहा वाजले होते, तरी आवारातल्या गवतावरचं दव गेलं नव्हतं. सांगाडा हाताला गार लागत होता. पंप मात्र तापलेल्या पोराच्या कपाळासारखा गरम होता.

"हे आत्ताच चाललं होतं का?"

"न्हाय हो. आठ दिवस झाकूनच हाय."

"मग गरम कसं?"

त्यांनी स्वतः हात लावून बघितला आणि नवल केलं. "उन्हानं असंल."

आत्याबाईंनी वर पत्र्याकडं बघितलं, मग बाहेरच्या धुक्याकडं. "ऊन मोठं हुशार हाय तुमच्या वाशीचं," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं सोडून पंपावरच पडलंय."

माणूस हसला. ओशाळून नाही, मनापासून. आमच्याकडं त्यांनी नीट बघितलं ते तेव्हा पहिल्यांदा.

"गार झाल्यावर चालू करू," मी म्हणाले. मशीन गरम करून ठेवलं की मोटार झटक्यात उठते आणि गारपणी ठिबकणारं रबरी सील जरा फुगून गप्प बसतं. आजाऱ्याला न्हाऊ घालून, पावडर लावून दाखवायला बसवावं तसं. वडिलांनी अशी मशीनं बघायला तासन्‌तास बसून काढलेले मी बघितले होते.

"मग तासभर लागंल," ते म्हणाले.

"लागू द्या. आमचा सैपाक झालाय," आत्याबाई म्हणाल्या.

चहा आला. आत्याबाईंनी त्यांना भगुनं उतरवायला लावलं, भगुन्याचा इतिहास सांगितला, त्यांच्या मुलाची नोकरी, सुनेचं माहेर, घरच्या गुडघेदुखीवरचं औषध असं सगळं विचारून घेतलं. त्या अवधीत मी पंपाभोवती फिरत होते. तेल बघायची काच कुठं दिसेना. अशा पंपाच्या पोटाला एक गोल काच असते, त्यातून आतलं तेल दिसतं. ती असायला हवी तिथं लक्ष्मीच्या पावलांचं स्टिकर चिकटवलेलं होतं. लाल-सोनेरी, दिवाळीत उंबऱ्यावर लावतात तसलं. त्यावर हळदीकुंकूही वाहिलेलं.

मी थबकले. देवाधर्माच्या गोष्टीला नखानं खरवडायचं धाडस मला होईना. तेवढ्यात आत्याबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पावलांना हात लावून कपाळाला लावला.

"भाऊ, लक्ष्मी हितं का बसवली?"

"यंत्र हाय मावशी. पूजा नको का?"

"पूजा तर पायजेच. पण अशी तेलकट जागी? आणि पावलं आत जायला निघालीत. पंपात जाऊन ती काय करंल?" असं म्हणत त्यांनी स्टिकरचा कोपरा अलगद उचलला, अख्खं सोडवलं, परत एकदा कपाळाला लावलं आणि कमरेच्या पिशवीत ठेवून दिलं. "मी देव्हाऱ्यात ठेवते. तुमचं पुण्य तुम्हालाच."

मागची काच उघडी पडली. आतलं तेल मधासारखं दिसायला हवं. ते दिसत होतं ताकासारखं. पिस्टनचं सील गेलं की पाणी तेलात उतरतं आणि तेल असं पांढरं होतं. आत्याबाईंनी उभा जन्म म्हशीमागं काढलाय. त्यांनी वाकून काचेत बघितलं.

"ह्याला विरजण कुणी लावलं?" त्यांनी विचारलं.

त्या गृहस्थांनी आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि सरळ खुर्ची ओढून बसले. "ताई, माझा एक नियम हाय," ते म्हणाले. "जे सापडलं ते कबूल करायचं. न सापडलेलं आपण होऊन सांगायचं न्हाय. कालपासून दोन गिऱ्हाईकं येऊन गेली. एकानं चाकाला लाथ मारून बघितली. एकानं रंग चांगला हाय म्हणून फोटो काढला. तुमी हात लावला, स्टिकर काढलं. आता बघा पुढं."

"अजून किती हायत?" मी विचारलं.

"ते कसं सांगू? नियमात बसत न्हाय."

खरं सांगते, त्या क्षणी मला फार मजा वाटली. एकोणीस वर्षांत असं मला कुणी परीक्षेला बसवलं नव्हतं.

पंप गार झाला. त्यांनी बटन दाबलं. मोटार आधी कण्हली, मग उठली आणि चालायला लागली. गेजचा काटा शंभरावर होता. हे इतक्या वेळा बजावत होते, म्हणून मी गेजकडंच बघत राहिले, आणि त्यामुळंच लक्षात आलं की काटा वर चढताना मी बघितलाच नव्हता.

"बंद करा बरं."

बंद केलं. मोटार थांबली. पाणी मारायच्या गनमधलं उरलंसुरलं पाणी गळून गेलं. काटा शंभरावरच.

"पंप दम धरून हाय," ते म्हणाले.

"आमचं भिंतीवरचं घड्याळ बी असंच दम धरून हाय," आत्याबाई म्हणाल्या. "चार वर्षं झाली, सव्वासातच वाजत्यात."

मी बोटाच्या पेरानं गेजच्या काचेवर टिचकी मारली. काटा चक्कर आल्यासारखा शून्यावर कोसळला. त्या गृहस्थांनी मान डोलावली. शाळेत बरोबर उत्तराला मास्तर डोलावतात तशी.

परत चालू केलं. आता गन त्यांच्या हातात होती आणि ते भिंतीवर पाणी मारून दाखवत होते. धार बारीक, पण जोरदार, नुसता धूर. बघायला फार छान. मी पंपाला कान लावून बसले. आवाज एकसारखा नव्हता. टक-टक-आणि मग रिकामी जागा. टक-टक-आणि रिकामी जागा. पण पाइप शांत पडून होता. असा पंप लंगडत असला की पाइपानं उड्या मारायला पाहिजेत. तो का मारत नाही हे मला समजेना.

आत्याबाईंना समजलं. "भाऊ," त्या म्हणाल्या, "पाइपावर पाय देऊन का उभे राहिलात?"

ते बघितलं तर खरंच. गप्पा मारता मारता त्यांचा डावा पाय सहज पाइपावर टेकलेला.

"सवय हाय," ते म्हणाले.

"तुमचा पाय चिखलात बरबटतोय. हिकडं या की."

त्यांनी पाय काढला. पाइप शेपटीवर पाय पडलेल्या सापासारखा उसळला आणि जमिनीवर थडाथडा आपटायला लागला. त्यांच्या हातातली गनही नाचायला लागली आणि पांढऱ्या शर्टाची बाही भिजली. मशीन बंद करून त्यांनी ती पिळली.

"आता भगुनं," आत्याबाई म्हणाल्या.

गन मी घेतली. भगुन्यावर धार धरली तर बुडावर एक पांढरी रेघ उमटली. दुसऱ्यांदा मारली, शेजारी दुसरी रेघ. काजळीवर नुसती रांगोळी निघत होती, भगुनं काही निघत नव्हतं. मी गनच्या टोकाचं नोझल काढून बघितलं. भोक फार बारीक होतं. मोठ्या पंपाला लहान नोझल लावलं की पाणी थोडं असलं तरी धार तिखट वाटते.

"काका, ह्याचं मूळचं नोझल?"

त्यांनी खिशातून काढून दिलं. खिशात तयारच होतं.

मग मी बादली मागितली. पंपाच्या पट्टीवर मिनिटाला बावीस लिटर कोरलेलं. गन काढून पाइप वीस लिटरच्या बादलीत सोडला आणि मोबाइलमधलं घड्याळ लावलं. मोबाइल पदराच्या गाठीतून सोडला तेव्हा त्यात ह्यांचे अकरा फोन येऊन गेलेले दिसले. मिनिटाच्या आत बादली भरून वाहायला पाहिजे होती. मिनिट झालं तरी बरीच रिकामी. जवळजवळ दीड मिनिट झाल्यावर काठोकाठ भरली.

मी जमिनीवर बसून हिशोब केला. तीन पिस्टन आहेत. पाणी येतंय दोन हिश्श्याचं. आणि आवाजात दोन ठोके आणि एक रिकामी जागा.

"तिघांतला एक झोपलाय," मी म्हणाले.

"तीन भावांत एक असतोच तसा," आत्याबाई म्हणाल्या.

त्या गृहस्थांनी आतून पान्यांची पेटी आणून माझ्यापुढं ठेवली. मग स्वतः शेजारी उकिडवे बसले. मी पंपाच्या डोक्यावरची टोपणं एकेक करून उघडली. मधल्या टोपणाखाली पाणी सोडायच्या झडपेची, म्हणजे वॉलची, स्प्रिंग तुटून तिचा तुकडा आडवा अडकला होता. मी तो काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. मग पिस्टनांवरून नख फिरवलं. तिन्ही गुळगुळीत, कुठं चरा नाही. मोटारीचा पट्टा काढून पुली हातानं फिरवली, तर ती मऊ, आवाज न करता फिरली. म्हणजे पंपाचं पोट नासलेलं होतं, पण हाडं चांगली होती. हे मला कळलं तेव्हा मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. वडिलांचा हाही एक नियम होता.

"नवा वॉल घालावा लागंल," मी म्हणाले.

"हाय की," असं म्हणून ते उठले आणि कपाटातून पुडीतला नवा कोरा वॉल घेऊन आले. सीलचा संचही आणला.

"घरात होता तर बसवला का न्हाय?"

"कुणी विचारलंच न्हाय."

वॉल बसवायला अर्धा तास गेला. तेल काढून नवं घातलं. सील मी घरी बदलणार होते, पण संच त्यांच्याकडूनच घेतला. मूळचं नोझल लावून मशीन सुरू केलं. आवाज आता सलग झाला. टक-टक-टक. बादली मिनिटाच्या आत भरली. पाइप मांजरासारखा गप्प पडून होता आणि त्यावर कुणाचा पाय नव्हता.

आत्याबाईंनी गन स्वतः हातात घेतली. भगुन्याची काजळी पापुद्र्यानं सुटायला लागली. काळं पाणी आवारभर पसरलं आणि आतून पितळ असं निघालं की त्यात आमची तोंडं दिसायला लागली. त्या मागंपुढं होऊन, वाकून, सगळीकडून धूत राहिल्या. मग काठ धुतला. काठावर अक्षरं निघाली. जुन्या भांड्यांवर नाव कोरलेलं असतं, तसं. मी जवळ जाऊन वाचलं.

नाव आमच्या घरचं नव्हतं. वरच्या आळीतल्या चुलत सासूचं होतं.

आत्याबाईंना वाचता येतं. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. कुठल्या तरी कार्यानंतर भगुनं आमच्याकडं आलं असणार आणि राहून गेलं असणार. पंधरा-वीस वर्षं लोक ते आमचं म्हणून आमच्याकडून मागून नेत होते, आणि त्यांत ती चुलत सासूही होती.

"मशीन चांगलं हाय," आत्याबाई शेवटी म्हणाल्या. "जरा जास्तच चांगलं हाय."

किमतीचं बोलणं त्यांनीच केलं. त्या गृहस्थांनी आकडा सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आमी आलो तवा तिघांतले दोघंच काम करत व्हते. दोघांचंच घ्या."

"मावशी, आता तिघं करत्यात की."

"तिसऱ्याला आमच्या सुनेनं उठवलं. तो आमचा."

त्यांनी बायकोला हाक मारून बाहेर बोलावलं आणि हे वाक्य आत्याबाईंना परत एकदा म्हणायला लावलं. मग तिसरा हिस्सा सोडला. मशीन गाडीत चढवायला ते स्वतः हात लावायला आले.

घरी आल्यावर ह्यांनी खाटेवरूनच विचारलं, "गेज बघितलं का?"

"बघितलं," मी म्हणाले. "बदलायचंय."

भगुन्याचा निकाल आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी लावला. चकचकीत भगुनं डोक्यावर घेऊन त्या वरच्या आळीला गेल्या आणि चुलत सासूला म्हणाल्या, "तुमचं भगुनं धुवायला नेलं व्हतं, ते आणलंय." ती बिचारी इतकी खूश झाली की तिनं आत्याबाईंना बसवून शेंगदाण्याच्या पोळ्या खायला घातल्या आणि घरच्यासाठी चार बांधून दिल्या. त्या आम्ही दोन दिवस खाल्ल्या. धुवायला कधी नेलं होतं हे तिनं विचारलं नाही.

एवढं सगळं बघूनही माझं एक राहिलंच. तिसऱ्या दिवशी हे कुबडी घेऊन मशीन बघायला बाहेर आले. मी एका ट्रॅक्टरची ट्रॉली धूत होते. हे पाइपाच्या वेटोळ्याजवळ उभं राहून मला सूचना देत होते, आणि वेटोळ्याच्या मधोमध पाइप फाटकन फुटला. पाण्याची धार सरळ प्लास्टरवर. मी मशीन बंद करेपर्यंत प्लास्टरची कणीक झाली. कळंबला जाऊन पाय परत बांधून आणावा लागला. वाटेत हे, व्हिडिओत पाइप उलगडून बघायला सांगितलं होतं, असं एकदा बाहेर बघत म्हणाले. ते खरं होतं. मी पंपाच्या नादात वेटोळं सोडून बघितलंच नव्हतं. मधल्या घेरात पाइपाला फोड आलेला होता.

मी वाशीला फोन लावला.

"पाइपाचं तुमी विचारलंच न्हाय, ताई," ते म्हणाले. पण आवाजात थोडी शरम होती. ह्यांचं प्लास्टर भिजलं म्हटल्यावर ती वाढली. दोन दिवसांनी येरमाळ्याच्या स्टॅंडवर एसटीतून पाइपाचं भेंडोळं आलं. उलगडून मोजलं तर आमच्या पाइपाच्या बरोबर निम्मं. मी परत फोन केला.

"निम्माच का?"

"फुटला तो मधीच ना? पलीकडचा निम्मा चांगला हाय. जोडून घ्या," ते म्हणाले. "मावशींना सांगा, मी बी हिशोब शिकलो."

आत्याबाईंना सांगितलं तर त्या दिवसभर अधूनमधून एकट्याच हसत होत्या.

सेंटर चांगलं चाललंय. हे दारात खुर्ची टाकून बसतात, गाड्या लावून घेतात, ड्रायव्हर लोकांशी बोलतात. पंप माझ्याकडं. दर काही महिन्यांनी सील बदलते, तेल बघते. पहिल्या वर्षी कुणी ट्रकवाला "मिस्त्री कुठंय?" म्हणून विचारायचा आणि हे नुसतं माझ्याकडं बोट करायचे. सुरुवातीला ते बोट जरा खालच्या बाजूला असायचं. आता सरळ असतं.

जुनं मशीन घ्यायचं असलं की आता लोक मला बघायला बोलावतात. मागच्या महिन्यात बेंबळीला गेले होते, वडिलांच्या जुन्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडं. घेणारा एक तरुण शेतकरी होता, गोठा धुवायला त्याला मशीन पाहिजे होतं. मी पंपाला हात लावला, गार होता. तेल मधासारखं. काटा शून्यावरून चढला आणि शून्यावर आला. बादली वेळेत भरली. पाइप सगळा उलगडून बोटांनी चाचपला, कुठं फोड नाही. विकणारी बाई बाजूला गप्प उभी होती, एक शब्द बोलली नाही.

"घेऊन टाका," मी त्याला म्हणाले.

त्याचं तोंड उतरलं. "काहीच न्हाय निघालं?"

"काहीच न्हाय."

"असं कसं, ताई? तुमाला एवढ्या लांबून बोलावलं."

मी पुन्हा एकदा मशीनभोवती फिरले, वाकून खाली बघितलं, उभी राहिले. "मागच्या चाकाचा रंग जरा उडालाय," मी म्हणाले.

तेव्हा कुठं त्याला बरं वाटलं. त्या बाईनं रंगाचे म्हणून थोडे कमी केले, आणि मला चहा दिला.